पहिल्यांदा क्विझला जातोयस तर हे बघ

अरे सगळं जीके पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस, आधी फसवे प्रश्न पक्के कर, पॉइंट तिथेच जातात. ऑस्ट्रेलियाची राजधानी विचारली की हात आपोआप सिडनी लिहितो, पण उत्तर कॅनबेरा, आणि त्यामागचं कारण कळलं की विसरणारच नाहीस, सिडनी आणि मेलबर्न दोघांनाही राजधानी हवी होती म्हणून मधेच नवं शहर वसवलं. ब्राझीलची १९६० पासून ब्राझिलिया, रिओ नाही. टंगस्टनचं चिन्ह डब्ल्यू, कारण दुसरं नाव वुल्फ्राम, हा प्रश्न मला फार आवडतो! झेंडे, चलनं रोज थोडी बघ. आणि टीममध्ये कोणी लिहिलेलं उत्तर खोडायला लागला तर आधी कारण विचार, नुसतं "मला वाटतं" म्हणाला तर खोडू देऊ नकोस.