त्याची आराधना, तुझा कूलर

प्रिय मावशी,
आम्ही मानकापूरला राहतो. मी पतसंस्थेत आहे, घरी यायला सहा वाजतात. मुलगा चौथीत, मुलगी साडेतीन वर्षांची. सासऱ्यांना अर्धांगवायू झाल्यापासून ते पलंगावर आहेत. वर्षभरापासून नवरा रोज सातला चर्चमध्ये जातो, परत यायला साडेआठ. गुरुवारी पवित्र साक्रामेंताची, म्हणजे वेदीवर ठेवलेल्या ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीची, आराधना असते, बाकीचे दिवस तो नुसता ती भाकर ठेवायच्या पेटीसमोर, टॅबर्नॅकलसमोर, बसतो. त्याचा तंबाखूचा खर्रा त्यामुळंच सुटला, हे मी नाकारत नाही. पण तो तिथं गुडघ्यावर असतो तेव्हा इथं मी पोळ्या लाटते, सासऱ्यांचं डायपर बदलते आणि बादल्या ओतून कूलर भरते. परवा बोलले तर म्हणाला, "देवाच्या कामात आडवी येऊन राहिली तू." मला स्वतःला आराधनेला बसून दोन वर्षं झाली. आता मला येशूचाच राग येतो की काय, अशी भीती वाटते. हे पाप आहे का? आणि त्याला अडवलं आणि खर्रा पुन्हा सुरू झाला तर?
— एक सून, नागपूर

अगं पोरी,
येशूचा राग येत असता तर दोन वर्षं आराधना चुकली याची हळहळ तुला वाटली नसती. तुला राग आहे तो सात ते साडेआठ या वेळेचा. ज्या घरात लहान मूल आणि आजारी म्हातारं माणूस आहे, तिथं ही दीड तासाची वेळ काय असते ते मला सांगू नकोस. सगळ्यांना भूक त्याच वेळी लागते, गृहपाठाची वही त्याच वेळी हरवते आणि एप्रिल-मेच्या नागपुरात कूलर कोरडा पडायचा तोही तेव्हाच. थकलेल्या माणसाचा राग म्हणजे पाप नव्हे. रागात नवऱ्याला काही लागट बोलली असशील, तर तेवढं कन्फेशनमध्ये फादरांना सांग आणि मोकळी हो.

आता त्याच्याबद्दल. खर्रा सोडणं ही साधी गोष्ट नाही. नागपुरात तर पानठेला चुकवून घरी येणं हीच एक तपश्चर्या आहे. तेव्हा त्याची भक्ती ढोंगी आहे असं मी म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. पण 'देवाचं काम' हे वाक्य त्याने ज्या सोयीने वापरलं, ते मला पटलेलं नाही. रविवारची मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, चर्चने बंधनकारक केली आहे. आराधना मोठी आहे, थोर आहे, पण बंधनकारक नाही. पूर्ण इंडल्जन्ससाठी, म्हणजे पापाच्या शिक्षेतून पूर्ण सुटकेसाठीसुद्धा चर्च निदान अर्धा तास आराधना सांगतं, सोबत कन्फेशन, ख्रिस्तप्रसाद आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना. रोजच्या दीड तासाचा नियम कुठंही नाही. (त्या दीड तासातला किती वेळ गेटाबाहेर गाडीवर बसून गप्पांत जातो, ते तूच हळूच बघ.)

आपल्या सदर भागातल्या कॅथेड्रलला ज्यांचं नाव आहे ते संत फ्रान्सिस डी सेल्स जिनिव्हाचे बिशप होते. 1609 साली त्यांनी संसारी माणसांसाठी भक्तीवर पुस्तक लिहिलं. त्यात ते विचारतात, संसारी लोकांनी कापुचिन साधूंसारखं गाठीला काही ठेवायचंच नाही म्हटलं, कारागीर मठातल्या माणसासारखा दिवसभर चर्चमध्ये बसून राहिला, तर अशी भक्ती हास्यास्पद आणि असह्य होणार नाही का? ज्याची त्याची भक्ती त्याच्या जबाबदारीला साजेशी हवी, असं त्यांचं म्हणणं. नवरा म्हणेल, "मी कुठं दिवसभर बसतो? दीडच तास तर जातो." खरं आहे. पण दीड तास कुणाच्या वाटणीचा, हा प्रश्न उरतोच.

हा पवित्र तास आला कुठून ते त्याला आठवण करून दे. गेथशेमानी बागेत येशूने शिष्यांना विचारलं, एक तासही तुम्हांला माझ्याबरोबर जागं राहवलं नाही का? मत्तयच्या सव्विसाव्या अध्यायात आहे. म्हणजे प्रभूने त्यांच्याकडे त्यांच्याच झोपेतला तास मागितला होता. तुझ्या नवऱ्यानेही त्याच्या झोपेतला द्यावा. सकाळच्या मिस्सेआधी किंवा नंतर अर्धा तास बसावं, तेव्हा घर झोपलेलं असतं आणि पोळपाट-लाटणंही. चर्च किती वाजता उघडतं ते तेवढं विचारून घ्या.

मात्र सगळ्या संध्याकाळी एकदम काढून घेऊ नकोस. खर्र्याची तलफ बहुधा त्याच वेळी येत असेल, म्हणूनच तो सातला पळत असेल. गुरुवार पूर्ण त्याचा ठेव, त्या दिवशी तोंड वाकडं करायचं नाही. शिवाय पवित्र साक्रामेंत बाहेर ठेवलेला असताना समोर कुणीतरी असावंच लागतं, त्यामुळं त्या दिवशी त्याने नाव दिलं असेल तर ते पाळू दे. बाकी संध्याकाळी कूलर आणि वडिलांची अंगपुसणी त्याच्याकडे. हात गुंतले की तोंडात काही टाकायची आठवण जरा कमी होते. तरी तलफ सतावलीच तर डॉक्टरांकडे जायला लाजू नये.

शनिवारची संध्याकाळ तुझी. मुलं आणि सासरे त्याच्या हवाली करायचे आणि निघायचं. मागं वळून सूचना द्यायच्या नाहीत. डाळ खारट झाली तर होऊ दे. एरवी कामावरून येताना वाटेत चर्च उघडं दिसलं तर टॅबर्नॅकलजवळच्या दिव्यासमोर दहा मिनिटं बस, तीही भेटच आहे. बसल्या बसल्या डोळा लागला तर घाबरू नकोस. लिझ्यूची संत तेरेझा प्रार्थनेत झोपायची, आणि लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापांना सारखंच प्रिय असतं, असं म्हणून ती निश्चिंत होती.

हे त्याच्याशी बोलायचं ते तो स्कूटरला किक मारत असताना नाही. रविवारी मिस्सेनंतर, मुलगी झोपली की. "तू जाऊ नकोस" असं म्हणू नकोस, "मलाही जायचंय" असं म्हण. याला त्याला 'आडवी येणं' म्हणता येणार नाही.

आणि तुझ्या पत्रात एक माणूस नुसताच पलंगावर आहे. सासऱ्यांना शेवटचा ख्रिस्तप्रसाद कधी मिळाला? आजारी माणसाला फादर घरी येऊन देतात, कितीतरी पॅरिशमध्ये पहिल्या शुक्रवारी तशी फेरीच असते. त्या दिवशी खोली झाडून, टेबलावर पांढरं कापड, क्रूस आणि मेणबत्ती मांडून, वडिलांना उशीला टेकवून बसवायचं काम तुझ्या नवऱ्याचं. फादरांना फोनही त्यालाच करू दे.

तुझी,
मावशी