पायाच्या शब्दांची वही

मराठी शिकताना पायाशी जोडलेल्या शब्दांची वही सुरू केलीत, छान! पण पहिल्याच पानावर 'पाय = पाऊल' लिहिलंय, ते आधी खोडा. मराठीत पाय म्हणजे मांडीपासून बोटांपर्यंत सगळा. पाऊल फक्त घोट्याखालचं. शिवाय चालीतलं एक पाऊलही तेच आणि उंबऱ्यातली लक्ष्मीची पावलंही तीच.

सुरुवातीला दोनच गोष्टी सांभाळा:

- सुटा शब्द टिपू नका, अख्खं वाक्य टिपा. 'टाच दुखतेय' आणि 'घरावर टाच आली' यांत शब्द एकच, पण दुसरीकडे जप्ती आहे. 'त्यानं टांग दिली' म्हणजे ऐनवेळी दगा दिला. क्रिकेटमधला 'पायचीत' तर सरळ एलबीडब्ल्यू.
- कोण कुणाला म्हणतंय तेही लिहा. 'पायधूळ झाडा कधी' हे पाहुण्याला. स्वतःबद्दल म्हणालात तर लोक हसतील. (मी म्हणालो होतो. हसले.) 'तंगडं मोडीन' आई पोराला म्हणते, साहेबांना नाही.

कोल्हापूरकडचा कुणी भेटला तर 'पायताण' कोणकोणत्या वेळी निघतं, ते विचारा. चप्पल घालायला कमी, धमकीला जास्त!

व्युत्पत्तीच्या मागे आत्ता लागू नका. आधी शंभर वाक्यं होऊ द्या.