आशा ‘करायची’ की धरायची?

प्रश्न असा: चर्चच्या प्रार्थनेत ‘आम्ही पुनरुत्थानाची आशा करतो’ म्हणावं की ‘आशा धरतो’?

धरतो! ‘मी आशा करतो की आपण ठीक असाल’ हे इंग्रजीचं लोढणं आधी पत्रांत शिरलं, मग निवेदनांत, आता थेट वेदीपर्यंत पोचलंय. मराठीत आशा असते, लागते. ती बाळगतात, धरतात, सोडतात. ‘करतात’ ती अपेक्षा. बाकी रोजचे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत. फक्त ‘आशा म्हणजे दिशा, म्हणून ख्रिस्ती आशा जगण्याला दिशा देते’ असं उपदेशात ठोकून देणाऱ्यांनी जरा थांबावं. अमरकोशात दिशेला आशा म्हटलंय खरं, पण तो शब्द निराळा. आपल्या आशेशी त्याचं नातं उच्चारापुरतं.

खरी गंमत हिब्रूत आहे. तिथे आशेला ‘तिकवा’ म्हणतात. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, राहाब नावाची बाई खिडकीला किरमिजी दोर बांधते, तोही ‘तिकवा’च. दोन्हींचा धातू एक की वेगवेगळा, यावर कोशकार भांडतात. मी एकच मानतो. पीळ भरून ताणलेला दोर, आणि ताण सोसत वाट पाहणं. याच घरातलं क्रियापद बायबलच्याच यशया 40:31 मध्ये येतं आणि मराठी बायबल तिथे लिहितं, ‘परमेश्वराची आशा धरून राहणारे’. त्या भाषांतरकारांना मराठी येत होती!

आता नांगर. बायबलच्या नव्या करारात, इब्री 6:19 मध्ये, आशा हा जिवाचा नांगर आहे, होडीचा. त्याच करारातलं 1 करिंथ 9:10 सांगतं, नांगरणाऱ्याने आशेने नांगरावं. मूळ ग्रीकमध्ये हे दोन संबंध नसलेले शब्द. हिंदीतही लंगर वेगळा, हल वेगळा. मराठीत मात्र बंदरातला नि शेतातला नांगर एकच. होडीचा नांगर फारसी ‘लंगर’वरून आला म्हणणारे आहेत. असेल. पण शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’वरून आला, पालीत तो आधीच ‘नङ्गल’ झालेला; मग लंगरच्या ‘ल’चा ‘न’ या शेजाऱ्याला पाहूनच झाला नसेल कशावरून? कामही तेच: फाळ तळात रुततो. जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1933 मध्ये होडीसाठी नवा नांगर बेतला, तो चक्क शेतातल्या फाळाच्या आकाराचा.

रुतण्यासाठी दोर मात्र सढळ सोडावा लागतो. पाणी 4 मीटर असेल तर निदान 20 मीटर. आखूड दोर नांगराला वर ओढतो, फाळ उखडतो, होडी वाहवत जाते. थेस्सलनीका शहरातल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांचं हेच झालं, आशेचा दोर आखूड पडला. प्रभूचा दिवस, म्हणजे ख्रिस्त परत येण्याचा दिवस, आलाच, या समजुतीने मंडळी बिथरली होती. काहींनी तर कामधंदाच सोडलेला. प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून खडसावलं, ज्याला काम नको त्याने खाऊही नये. त्याच्या लेखी आशा धरणारा माणूस सोमवारी सकाळी कामावर असतो.

हां, प्रार्थनेचं राहिलं. ‘धरतो’ चालेल, ‘पुनरुत्थानाची आशा धरून आहोत’ त्याहून चांगलं, कारण त्यात हात अजून दोरावर आहे.