फ्लॉपी ‘करप्ट’ नाही, फॉन्ट नाहीये एवढंच

वडिलांनी १९९७ साली डीटीपीवाल्याकडून करून घेतलेली शाळेची स्मरणिका फ्लॉप्यांमध्ये, निम्म्या फ्लॉप्या घातल्या की ‘फॉरमॅट करायचं का?’, उरलेल्यांत टोप्या-ठिपकेवाली रोमन अक्षरं, आणि दुकानदाराचा निकाल: “सगळं करप्ट आहे, पण रिपेअर मारून बघतो.” तुमचं हे वाचून आधी हसू आलं, मग डोकं फिरलं. आमच्या काकांच्या कुलवृत्तांताच्या वेळी मी हेच वाक्य शब्दशः ऐकलंय. त्या दुकानातून फ्लॉप्या आजच्या आज परत आणा, बाकीचं नंतर वाचा.

डिस्क्लेमर: मी या धंद्यातला नाही. घरचं निस्तरताना जे कळलं तेवढंच सांगतोय.

ती रोमन खिचडी म्हणजे बिघाड नव्हे. घरच्या कॉम्प्युटरवर युनिकोड (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) देवनागरी नीट आली ती विंडोज २००० पासून. त्याआधीची मराठी म्हणजे श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम वगैरे. यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. तो फॉन्ट मशीनवर नसेल तर मूळ इंग्रजी चिन्हं दिसणारच. फॉन्ट टाका, मजकूर सिलेक्ट करून तो फॉन्ट द्या, मराठी समोर. त्या वेळच्या बऱ्याच सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या पोर्टला लावायचं लॉक लागायचं म्हणून लोक हबकतात. पण नुसतं वाचायला फॉन्टची टीटीएफ फाइल पुरते. जुना कॉम्प्युटर माळ्यावर असेल तर भंगारात देण्याआधी त्याच्या विंडोजमधलं फॉन्ट्सचं फोल्डर आधी कॉपी करून घ्या.

आता आमच्याकडे काय झालं ते. शहरातलं चांगलं बोर्डबिर्ड लावलेलं डेटा रिकव्हरी केंद्र, नाव घेत नाही. तिथल्या मुलाने फाइल उघडली, खिचडी दिसली, ‘करप्ट’ म्हणाला आणि थेट मूळ फ्लॉपीवर चेकडिस्कचं (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) रिपेअर चालवलं. काकांनी प्रत्येक फ्लॉपीची कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं ठेवलं होतं, म्हणजे तिच्यावर कुणाला काही लिहिता येऊ नये. परत आल्या तेव्हा सगळी भोकं बंद! आत ‘फाइल०००० डॉट सीएचके’, ‘फाइल०००१ डॉट सीएचके’ अशी रांग. शाखांप्रमाणे दिलेली फाइलींची नावं गेली, प्रकरणांचे तुकडे झाले. काही तुकडे फॉन्ट लावून वाचता आले, देवरूखकडच्या शाखेचं प्रकरण मात्र गेलं ते गेलंच. वर बिल पूर्ण. तक्रार केली तर म्हणे, “फ्लॉपी जुनीच होती ना?” अहो, जुनी होती म्हणूनच तुमच्याकडे आणली!

म्हणून माझं मत ठाम आहे, कुणाला कडू लागलं तरी चालेल: मूळ फ्लॉपीवर एक अक्षरही लिहू द्यायचं नाही. आधी खिटी सरकवून भोक उघडं करा, मग लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने अख्ख्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये हुबेहूब नक्कल, काढा आणि जे काय प्रयोग करायचे ते त्या इमेजच्या कॉपीवर. १.४४ एमबीची इमेज बरोबर १४,७४,५६० बाइट्सची व्हायला हवी. नुसत्या आकड्यावर मात्र विसंबू नका, न वाचलेल्या जागी शून्यं भरलेली असू शकतात. डीडीरेस्क्यू सोबत मॅपफाइल बनवतं, कुठला भाग वाचला आणि कुठला नाही याची नोंद, ती बघा.

‘फॉरमॅट करायचं का’ला अर्थातच नाही म्हणायचं. बहुतेक वेळा पहिला सेक्टर (फ्लॉपीवरचा छोटा कप्पा) वाचता येत नाही म्हणून विंडोज तसं विचारतं. एकूण २८८० सेक्टर असतात आणि स्मरणिकेचा मजकूर पुढच्या भागात शाबूत असू शकतो. एका ड्राइव्हला न वाचलेली फ्लॉपी दुसरा ड्राइव्ह वाचतो, तेव्हा दोन-तीन ठिकाणी प्रयत्न करा. यूएसबीला लावायचा फ्लॉपी ड्राइव्ह १.४४ ला ठीक, ७२० केबीच्या फ्लॉपीला बऱ्याचदा नखरे करतो. आणि सव्वापाच इंची असतील तर यूएसबीचा नाद सोडा, जुना ड्राइव्ह आणि ग्रीझवीझल नावाचं छोटं कार्ड लागेल.

ड्राइव्हमध्ये घालण्याआधी पत्र्याची झडप सरकवून आतली चकती उजेडात फिरवून बघा. कोकणातला माल असेल तर पांढरट ठिपके दिसतील, ती बुरशी. तशी फ्लॉपी घातलीत की ड्राइव्हच्या हेडला (चकती वाचणारा भाग) घाण लागते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडे पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापूस, हलक्या हाताने. डिओ किंवा सॅनिटायझर नको (हे लोक खरंच करतात).

फाइल मिळाल्यावर कन्व्हर्टरवर फार भरवसा ठेवू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर साठवतात, त्यामुळे वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटतात. रफाराचे तर हालच. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला की डोंगरातल्या गावाला समुद्र येतो, आणि स्पेलचेकला दोन्ही मान्य! मला त्यापेक्षा हे सोपं वाटतं: मूळ फॉन्ट लावून पीडीएफ काढायची, तिची पानं चित्र म्हणून गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडायची. मराठी बऱ्यापैकी ओळखतं. तीस-चाळीस पानंच असतील तर सरळ पुन्हा टाइप करा, डोकेफोड वाचेल.

पेजमेकर (त्या काळचं पानं मांडायचं सॉफ्टवेअर) ६ किंवा ७ च्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, मांडणी थोडी हलते. उघडली की फॉन्टच्या खिडकीत काय नाव दिसतं ते इथे लिहा. ‘डीव्ही-टीटी’ने सुरू होत असेल तर सी-डॅकचा, ‘श्री’ असेल तर पुढचा आकडाही लिहा, त्यावरून नेमका कुठला फॉन्ट शोधायचा ते ठरेल.