वाचक विचारतात : जुना व्हॉल्व्ह कॉम्प्रेसर धपधपतो तेव्हा

या वेळच्या प्रश्नांपैकी चार प्रश्न एकाच कुळातल्या यंत्रांबद्दल आहेत. आवाज फार मोठा झाला की आपोआप खाली ओढणारे हे व्हॉल्व्हचे (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांचे) कॉम्प्रेसर १९५० आणि १९६०च्या दशकांत अमेरिकेत रेडिओ केंद्रांसाठी आणि स्टुडिओंसाठी तयार झाले. सगळ्या उत्तरांना एक सूचना लागू आहे. आत २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो फिल्टर कंडेन्सरमध्ये उरतो. हात घालण्याआधी १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर काही सेकंद लावून तो उतरवा आणि मीटरने खात्री करा.

प्रश्न : अल्टेक ४३६बी हा कॉम्प्रेसर घेतला आहे. गायकाने जोरात सूर लावला की आवाज दाबला जातो, पण त्या क्षणी स्पीकरमधून ‘धप्प’ असा ठोका येतो. ६बीसी८ हा व्हॉल्व्ह नवीन घातला, तरी फरक नाही. सर्किटच बदलावे का? (पुणे)

सर्किट बदलायची घाई नको, ठोक्याचे कारण त्यातच दिसते. ४३६मध्ये ६बीसी८चे दोन ट्रायोड (व्हॉल्व्हचे दोन सारखे भाग, प्रत्येकात कॅथोड, ग्रिड आणि प्लेट) पुश-पुल, म्हणजे एकमेकांच्या उलट, चालतात. आउटपुटच्या व्हॉल्व्हवरून घेतलेला सिग्नल ६एएल५ डायोड सरळ करतो, त्यातून तयार झालेला निगेटिव्ह व्होल्टेज, दाब किती वेळ टिकावा यासाठी असलेल्या टायमिंग कंडेन्सरवर साठतो आणि इनपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपमधून दोन्ही ग्रिडना एकदमच मिळतो. ग्रिड जितकी निगेटिव्ह, तितके गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) कमी. दोन्ही प्लेटचे व्होल्टेज अशा वेळी बरोबरीने वर सरकतात आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना खोडतात. बाजू सारख्या नसतील तर ती खोड अपुरी राहते, आणि जे उरते तोच तुमचा ठोका. नवीन व्हॉल्व्हचेही दोन भाग एकमेकांशी जुळतातच असे नाही.

व्हॉल्व्हवर आळ घेण्यापूर्वी दोन मोजमापे करा. पहिले, सेट बंद करून ६बीसी८च्या दोन्ही प्लेट लोड रेझिस्टरचे. जुने कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर वर्षांनुवर्षे वरच चढतात, आणि दोन्ही सारखे चढत नाहीत. एकमेकांशी १ टक्क्याच्या आत जुळणारे मेटल फिल्म रेझिस्टर बसवा. इथे छापील किमतीपेक्षा जोडी जुळणे महत्त्वाचे. दुसरे, प्लेटवरून ६सीजी७ या आउटपुटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारे कपलिंग कंडेन्सर. ६सीजी७ काढून सेट चालू करा आणि त्याच्या सॉकेटवरच्या ग्रिडच्या पिनांवर डीसी मोजा. तिथे शून्यच हवे. अर्धा-एक व्होल्ट दिसला तरी तो कंडेन्सर लीक आहे. बदलताना दोन्ही एकदम बदला, फिल्मचे, ६३० व्होल्टचे.

एवढे झाल्यावर बॅलन्स पॉट (दोन्ही बाजू सारख्या करणारा फिरता रेझिस्टर) बसवा. या यंत्रात करायची ही सर्वांत उपयोगी सुधारणा. ६बीसी८च्या पिन ३ आणि ८ हे दोन कॅथोड. त्यांच्यातला जोड कापा, मध्ये २०० ओहमचा वायरवाउंड प्रीसेट (तोच हा पॉट) टाका, आणि जो कॅथोड रेझिस्टर आधी दोघांना मिळून होता तो प्रीसेटच्या मधल्या टोकाला जोडा. इनपुटवर ६०० ओहम लावून ते शांत करा. ९ व्होल्टच्या बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक चॅसीला (धातूच्या सांगाड्याला), निगेटिव्ह टोक १० किलोओहममधून आणि एका पुशबटणातून टायमिंग कंडेन्सरच्या गरम (चॅसीला न जोडलेल्या) टोकाला. सेट अर्धा तास तापू द्या. आता प्रत्येक वेळी बटण दाबले की गेन कोसळते आणि ठोका ऐकू येतो. बटण दाबत राहा, प्रीसेट पेचकसाने हळूहळू फिरवा. एका जागी ठोका जवळजवळ नाहीसा होतो. ती जागा प्रीसेटच्या अगदी टोकाला येत असेल, तर मात्र व्हॉल्व्ह खरोखरच विजोड आहे, दुसरा घाला.

पर्याय म्हणून कोणी ६बीक्यू७ए देईल. पिना जुळतात, पण तो एकदम कट-ऑफ होणारा ट्रायोड आहे. ६बीसी८ जसा हळूहळू मिटत जातो तसा तो मिटत नाही, त्यामुळे दाब थोडा वाढला की आवाज चिरका होतो. ६ईएस८ (ईसीसी१८९) स्वभावाने जवळचा आहे, पण त्याची प्लेट व्होल्टेजची मर्यादा कमी आहे. आधी सॉकेटवर मोजा, मगच घाला.

प्रश्न : याच यंत्रावर रिलीजचा (दाब सुटून आवाज पूर्ववत व्हायला लागणाऱ्या वेळेचा) स्विच लावायचा आहे. किमती काय घ्याव्यात? (कोल्हापूर)

कल्पना नवी नाही. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ईएमआयच्या इंजिनिअरांनी याच ४३६बीवर काम करून आरएस१२४ बनवला, त्यात रिकव्हरीचा, म्हणजे रिलीजचाच, स्विच होता. हिशेब सोपा आहे : मेगओहम गुणिले मायक्रोफॅरड म्हणजे सेकंद. टायमिंग कंडेन्सर ०.४७ मायक्रोफॅरड, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन. स्विचवर ४७० किलोओहम, १ मेग, २.२ मेग, ४.७ मेग. वेळ अनुक्रमे सुमारे ०.२२, ०.४७, १ आणि २.२ सेकंद. इथे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर अजिबात नको, त्याची गळती याच रेझिस्टरच्या तोडीची असते आणि स्विच नुसता शोभेला उरतो. स्विच ‘शॉर्टिंग’ प्रकारचा घ्या, म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना मध्ये सर्किट तुटत नाही. साधा स्विच घेतला तर प्रत्येक वेळी टक्क ऐकाल.

४.७ मेगच्या पुढे जाऊ नका. व्हॉल्व्हच्या ग्रिडमधून ०.१ मायक्रोअँपिअर जरी गळत असला, तरी ४.७ मेगवर जवळजवळ अर्धा व्होल्ट पॉझिटिव्ह उभा राहतो. मग बायस (ग्रिडचा ठरलेला व्होल्टेज) सरकतो आणि ‘सर्किटमध्ये चूक झाली’ म्हणून आपण भलतीकडेच शोधत बसतो. तसा संशय आला तर सिग्नल न देता कंट्रोल लाइनवरचा (टायमिंग कंडेन्सरकडून ग्रिडकडे जाणाऱ्या तारेवरचा) व्होल्टेज मोजा, पण १० मेग इनपुटच्या डिजिटल मीटरने. सुईचा मीटर त्या लाइनला स्वतःच खाली ओढतो.

प्रश्न : टेलेट्रॉनिक्स एलए-२ए कॉम्प्रेसरचा मीटर गेन रिडक्शन (आवाज किती दाबला ते) दाखवत नाही. पण आवाज दाबल्यासारखा वाटतो. कधी ‘स’, ‘श’वर फारच दाबतो. (मुंबई)

दोन वेगळ्या तक्रारी आहेत. एलए-२एमध्ये काम टी४बी नावाची डबी करते. आत एक इलेक्ट्रोल्युमिनेसंट पॅनेल आणि त्यासमोर प्रकाशाने रेझिस्टन्स बदलणारे दोन कॅडमियम सल्फाइड सेल. एक सेल आवाज दाबतो, दुसरा केवळ मीटरसाठी. म्हणून मीटर गप्प आणि आवाज दबलेला, हे दोन्ही एकाच वेळी शक्य आहे : मीटरकडचा सेल किंवा त्याची पिन खराब. डबी ऑक्टल (आठ पिनांच्या) बेसवर असते. काढून पिना पुसा, पुन्हा बसवा, झीरोचा पेच अर्धा तास तापल्यावरच फिरवा.

आवाजही कमी दबू लागला असेल, तर पॅनेल उजळवणारा ६एक्यू५ व्हॉल्व्ह आणि डबी यांपैकी दोषी कोण ते ठरवा. ४०० हर्ट्झचा सूर द्या, पीक रिडक्शनचा (दाब ठरवणारा) नॉब पूर्ण उघडा, पॅनेलच्या दोन पिनांवर एसी मोजा. ४०० हर्ट्झ अशासाठी, की स्वस्त मल्टिमीटर १ किलोहर्ट्झवर एसी खरा दाखवेलच असे नाही. हा व्होल्टेज शंभराच्या पुढेही जाऊ शकतो, प्रोब जपून धरा. व्होल्टेज भरपूर आणि दाब नाही, तर पॅनेल मंदावले आहे. व्होल्टेजच नाही, तर ६एक्यू५ किंवा त्याआधीचा १२एएक्स७. डबी पूर्ण काढली की गेन पूर्ण वर यायला हवे. तेव्हाही खरखर राहिली तर ती डबीतली नव्हे.

पॅनेल वापराने मंदावते, आणि दमट हवेने त्याहून लवकर. मुंबईच्या पावसाळ्यात यंत्र महिनोन्महिने बंद ठेवू नका. सुटी डबी असेल तर सिलिका जेलसह बंद बरणीत ठेवा. फोडून दुरुस्त करायला जाऊ नका, नवी घ्या.

‘स’, ‘श’ची तक्रार बहुधा आर३७ची. हा पॉट घड्याळाच्या दिशेने पूर्ण फिरवलेला असेल तर कॉम्प्रेसर सगळ्या सुरांना सारखा वागवतो. उलट फिरवला की तीव्र सुरांवर जास्त दाबतो. एफएम प्रसारणासाठी ही सोय होती. आधीच्या मालकाने फिरवला असेल, पूर्ण उजवीकडे न्या.

प्रश्न : अमेरिकेतला ११७ व्होल्टचा सेट भारतात नेत आहे, बरीच वर्षे बंद होता. ‘व्हेरिॲकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू चढवा’ असे सगळे सांगतात. (न्यू जर्सी)

सेटमध्ये रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) व्हॉल्व्ह असेल तर त्या सल्ल्याचा उपयोग थोडाच. व्हॉल्व्ह तापेपर्यंत डीसी बनतच नाही, आणि तापतो तेव्हा व्होल्टेज बराच वर गेलेला असतो. कंडेन्सरना हळूहळू जागवायचे राहूनच जाते. त्यापेक्षा इलेक्ट्रोलिटिक सरळ बदला. पहिला फिल्टर कंडेन्सर मूळ किमतीचाच ठेवा. रेक्टिफायर ५वाय३ असेल तर २० मायक्रोफॅरडच्या वर नको, १०० घातला तर दर वेळी चालू करताना रेक्टिफायर मार खातो. पहिला वीजपुरवठा ६० वॉटच्या साध्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमधून द्या. बल्ब एकदा भडकून मंद झाला तर ठीक, भडकलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्ब चालत नाही.

ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झपुरताच बनवलेला असेल, तर त्याच व्होल्टेजवर ५० हर्ट्झमध्ये त्याच्या गाभ्यातले चुंबकत्व २० टक्के वाढते. तो तापतो, गुणगुणतो. भारतात वीज २४० व्होल्टपर्यंत जाते, म्हणून २३० ते ११५ ऐवजी २३० ते ११० चा स्टेपडाउन घ्या. मग २४० असतानाही सेटला ११५च्या आसपास मिळते. ऑटोट्रान्सफॉर्मर नको, दोन वेगळ्या वाइंडिंगचा हवा. जुनी दोन तारांची केबल काढून तीन तारांची लावा, अर्थ चॅसीला, आणि मेन्सपासून चॅसीकडे जाणारा जुना कागदी कंडेन्सर कापून टाका. तो शॉर्ट झाला की चॅसीलाच करंट येतो.

इथल्या ऑडिओ इंटरफेसला जोडताना आउटपुटवर ६२० ओहम, अर्धा वॉट लावा. या ट्रान्सफॉर्मरना ६०० ओहमचा भार अपेक्षित आहे, तो नसेल तर वरचे सूर उगाच चमकतात. इनपुटला सिग्नल जास्त पडत असेल तर २० डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारी रेझिस्टरांची जोडणी) : चार रेझिस्टर २४० ओहमचे, प्रत्येक तारेत दोन, मध्ये आडवा एक १२० ओहमचा.