सात दिवस फक्त पाण्यावर काढल्यानंतर जेवायला सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की आज सातवा दिवस आहे, उद्या सकाळी उपवास सोडायचाय, वजन ६५ किलोच्या आसपास आहे, आजार नाही, औषधं नाहीत. आणि एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे मोठा ग्लासभर फळांचा रस दोन चमचे मध घालून प्यायचा, असं ठरवलंय. तो रस आणि मध उद्या घेऊ नका. एवढं आधी सांगून ठेवते, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. कित्येक दिवस पोटात काही न गेलेली माणसं आमच्याकडे येतात. कुणाचं मोठं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाला गिळता येत नाही, कुणी दारूमुळे जेवण सोडलेलं असतं, आणि अलीकडे स्वतःहून केलेले लांबलचक उपवासही दिसायला लागलेत. या सगळ्यांना पुन्हा जेवणावर आणणं हे माझं रोजचं काम. उपवासाबद्दल लोक खूप वाचतात, तो सोडायचा कसा याबद्दल मात्र दोन ओळींवर भागवतात. खरा धोका असतो तो तिथेच.

शरीरात काय होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. खाणं बंद झाल्यावर साधारण एका दिवसात यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपत येतो. मग शरीर चरबीवर चालायला लागतं, चरबीपासून कीटोन्स नावाचं इंधन बनतं, इन्सुलिन खाली जातं. या काळात फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम हे क्षार लघवीतून थोडे थोडे जात राहतात आणि पाण्यातून ते भरून निघत नाहीत. पेशींमधला साठा उतरत जातो. रक्ताची तपासणी केली तर मात्र आकडे बहुतेक वेळा ठीकठाक येतात, कारण शरीरातल्या फॉस्फेटपैकी जेमतेम १ टक्का पेशींच्या आणि हाडांच्या बाहेर असतं आणि तेवढं सांभाळून ठेवायला शरीर आटापिटा करतं. दुकानाच्या काउंटरवर माल मांडलेला दिसतो, पण मागचं गोदाम रिकामं होत आलेलं असतं.

आता यात एकदम साखर गेली की इन्सुलिन उसळतं. पेशी साखर आत ओढतात आणि साखरेबरोबर फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमही ओढून घेतात. रक्तातली पातळी काही तासांपासून दोन-तीन दिवसांत कोसळू शकते. फॉस्फेटशिवाय पेशींना ऊर्जा बनवता येत नाही, त्यामुळे स्नायू ढिले पडतात, आणि श्वास घेणारे स्नायू व हृदय हेही स्नायूच. पोटॅशियम, मॅग्नेशियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. साखर जाळायला ब१ जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, लागतं. त्याचा शरीरातला साठा मुळातच दोन-तीन आठवड्यांपुरता असतो, तो या धांदलीत संपला तर मेंदूवर परिणाम होतो. शिवाय इन्सुलिनमुळे मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात, पाय सुजतात, हृदयावर भार येतो. या सगळ्याला मिळून रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

तो बहुधा खाणं सुरू केल्यापासून पहिल्या पाच दिवसांत येतो. म्हणून पहिलं जेवण छान पचलं यावरून काहीही सिद्ध होत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी छावण्यांतून सुटलेल्या उपासमारीच्या कैद्यांना पोटभर अन्न मिळालं आणि त्यातले काही जेवल्यानंतर दगावले, तेव्हा डॉक्टरांचं याकडे नीट लक्ष गेलं. पण ती हाडांचे सापळे झालेली माणसं होती, आपलं तसं नाही, असं तुम्हाला वाटेल. म्हणून दुसरं उदाहरण देते. २००३ मध्ये डेव्हिड ब्लेन हा जादूगार लंडनमध्ये पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत ४४ दिवस फक्त पाण्यावर राहिला. सुरुवातीला तो चांगला भरलेल्या अंगाचा होता. वजन जवळपास पाव घटलं. बाहेर आल्यावर तो थेट रुग्णालयात गेला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याला खायला दिलं, तरी त्याचं फॉस्फेट खाली आलंच. अंगावर चरबी आहे म्हणून मला काही होणार नाही, हा हिशेब म्हणूनच चुकीचा आहे. चरबीचा साठा आणि क्षारांचा साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उपवासाच्या गटांमध्ये ३८२ दिवस न जेवलेल्या स्कॉटलंडच्या अँगस बार्बिएरीचा दाखलाही नेहमी दिला जातो. १९६५-६६ मधली ती गोष्ट खरी आहे. त्याला डॉक्टर जीवनसत्त्वं देत होते, काही काळ पोटॅशियमही दिलं, आणि रक्त वारंवार तपासत होते, हे सांगायचं मात्र राहून जातं.

तुमचा धोका किती? ब्रिटनमधल्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचना आम्ही सगळेच वापरतो. त्यानुसार पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच खाल्लं नसेल तर पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त अन्न द्यायचं नाही. दहा दिवसांच्या पुढे, किंवा पाच दिवसांचा उपवास आणि त्यात भर म्हणून बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १८.५ च्या खाली, दारूचं व्यसन, इन्सुलिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, अँटासिड असं काही असेल, तर धोका मोठा समजायचा. अशा माणसाला दिवसाला दर किलो वजनामागे जास्तीत जास्त १० कॅलरींपासून सुरुवात करून चार ते सात दिवसांत हळूहळू वाढवायचं. पंधरा दिवसांच्या पुढे ५ कॅलरी, तेही हृदयाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवून. दहा दिवसांच्या पुढचा उपवास घरी सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही मधल्या गटात आहात. तरीही मी तुम्हाला १० कॅलरींचाच हिशेब सांगेन, कारण तुम्ही घरी आहात आणि तुमचं रक्त कुणी रोज तपासणार नाही. ६५ किलो म्हणजे पहिल्या दिवशी ६५० कॅलरी. दुसऱ्या दिवशीही तेवढ्याच. हे फार कमी वाटेल, आणि दुसऱ्या दिवशी तर भूक खवळलेली असेल. उपवासात मेलेली भूक खाणं सुरू होताच परत येते, आणि बहुतेकांचा तोल तिथेच जातो. म्हणून दोन्ही दिवसांचं खाणं आज रात्रीच कागदावर लिहा आणि घरातल्या कुणाच्या तरी हातात तो कागद द्या.

आता तो रस. ३०० मिलिलिटर फळांच्या रसात साधारण ३० ग्रॅम साखर असते, दोन मोठे चमचे मध म्हणजे आणखी तेवढीच. ६० ग्रॅम साखर दहा मिनिटांत, त्यात प्रथिनं नाहीत, फॉस्फेट नावापुरतं. आठवडाभर उपाशी राहिलेल्या शरीराला साखर हाताळायची सवयही तात्पुरती सुटलेली असते, त्यामुळे रक्तातली साखर नेहमीपेक्षा जास्त चढते. पचायला हलकं आहे एवढ्यावरून लोक रस सुचवतात. पोटाला तो हलका असेलही, पण इन्सुलिन उसळायला याहून सोपी वाट नाही. एक-दोन दिवसांच्या उपवासानंतर कुणी रस प्यायला तर मी काही बोलणार नाही, सात दिवसांनंतर बोलणारच.

त्याऐवजी असं करा. सकाळी भाज्यांचं गाळलेलं कोमट सूप, चिमूटभर मीठ घालून, छोटी अर्धी वाटी. मी रुग्णांना चमचा खाली ठेवायला लावते: एक घोट, चमचा बशीत, दोन-तीन श्वास, मग पुढचा घोट. अर्ध्या वाटीला पंधरा मिनिटं लागली पाहिजेत. मग थांबायचं. मळमळ नाही, पोटात कळ नाही, तर दीड-दोन तासांनी १०० ग्रॅम साधं दही. दह्यात प्रथिनं आणि फॉस्फेट दोन्ही आहे आणि दुधापेक्षा दुग्धशर्करा कमी, म्हणून पहिल्या दिवशी मला ते दुधाहून बरं वाटतं. दुपारी एक उकडलेलं अंडं आणि मध्यम उकडलेला बटाटा कुस्करून. मधल्या वेळी अर्धं केळं. संध्याकाळी पुन्हा दही. रात्री मऊ शिजवलेला थोडा भात आणि दुसरं अंडं. अंडं खात नसाल तर चांगली शिजवून घोटलेली डाळ. तिच्यातलं फॉस्फेट शरीराला कमी मिळतं, म्हणून तेव्हा कपभर दूधही घ्या. हे सगळं मिळून सहाशेच्या आसपासच जातं, आणि पिष्टमय पदार्थ दिवसभर थोडे थोडे विभागले जातात. पदार्थ बदलले तरी हरकत नाही. एका वेळचं खाणं मुठीएवढं आणि प्रत्येक वेळी शक्यतो थोडी प्रथिनं, हे सांभाळा.

तिसऱ्या दिवशी हजार कॅलरींच्या जवळ, पाचव्या दिवशी तेराशेच्या, आणि सातव्या दिवसापर्यंत नेहमीचं जेवण. कच्च्या कोशिंबिरी, मूठमूठ सुकामेवा, तळलेलं हे चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत नको. आतड्यांचं अस्तर आणि पाचक रस हळूहळू पूर्वपदावर येतात, घाई केली की जुलाब आणि पोट फुगणं. तेलकट जेवणाचा प्रश्न वेगळा आहे. उपवासात पित्ताशय आकुंचनच पावत नाही, पित्त आत साचून दाट होतं, आणि पहिल्याच तुपकट घासाला ते जोरात आवळलं तर उजव्या बरगडीखाली जीवघेणी कळ येऊ शकते. आठवडाभर दारूचा थेंबही नको.

थायामिनबद्दल आजच डॉक्टरांशी फोनवर बोला. मोठ्या धोक्याच्या रुग्णांना आम्ही दिवसाला २०० ते ३०० मिलिग्रॅम पहिल्या घासाच्या आधीपासून दहा दिवस देतो. तुम्हाला किती ते त्यांना ठरवू द्या, पण खाण्याच्या आधी सुरू करा, नंतर नाही. पोटॅशियमच्या गोळ्या मात्र मनाने अजिबात घेऊ नका, ते जास्त झालं तरी हृदयच थांबू शकतं. जमलं तर खाण्याआधी एकदा आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त तपासून घ्या. तपासणीची वेळ मिळेपर्यंत उपवास लांबवू नका.

वजनाचंही सांगून ठेवते. पाच-सहा दिवसांत ते दीड-दोन किलोने वाढेल. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं, शिवाय आतड्यात अन्न येतं, मीठ-पाणी धरलं जातं. ही चरबी नाही. मला काळजी वाटते ती हा आकडा बघून लगेच दुसरा उपवास धरणाऱ्यांची, कारण रिकामं झालेलं गोदाम तोवर भरलेलं नसतं. ज्यांना पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झालाय, त्यांनी तर हे एकट्याने करूच नये. मधुमेह, गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनीही नाही.

पहिल्या पाच दिवसांत पायांवर थोडी सूज आली तर डॉक्टरांना कळवा आणि तोवर खाणं वाढवू नका. पण छातीत धडधड, धाप, हातपाय गळून जाणं, तोंडाभोवती किंवा बोटांत मुंग्या, झटका, बोलण्यात गोंधळ, एकाच्या दोन वस्तू दिसणं, चालताना तोल जाणं यातलं काहीही झालं तर वाट न बघता तातडीच्या विभागात जा. तिथे थकवा आलाय एवढंच सांगू नका. सात दिवस फक्त पाण्यावर होतो आणि अमुक दिवशी खायला सुरुवात केली, हे पहिल्या वाक्यात सांगा. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम बघायला सांगा, कारण नेहमीच्या इलेक्ट्रोलाइट्सच्या, म्हणजे रक्तातल्या क्षारांच्या, तपासणीत बऱ्याच ठिकाणी सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एवढंच असतं. आणि अशक्तपणा बघून ग्लुकोजची बाटली लावायला घेतली, तर आधी थायामिन दिलंय का हे विचारा. तुमची शुद्ध हरपली असेल तर हे बोलायला सोबत कुणीतरी हवं, म्हणून त्या कागदाच्या मागच्या बाजूला हेही लिहून ठेवा.