फरशीखाली ऊब घालावी का?

प्रश्न : ताई, दापोलीजवळ आमचं नवं घर होतंय. भिंती जांभ्या चिऱ्याच्या. जोतं भरून त्यावर पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर) झाली आहे, फरशी अजून बसायची आहे. आईचं वय ७८, गुडघे आणि टाचा दुखतात. थंडीत पहाटे उठून फरशीवर पाय टेकला की तिच्या पायांत कळ येते. धाकटा भाऊ जर्मनीत असतो. त्याच्या घरी फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्या आहेत. तो म्हणतो, आता फरशी व्हायचीच आहे तर हेही करून घ्या, खर्च मी देतो. करावं का? आणि गच्चीवरच्या सोलरचं पाणी त्या नळ्यांत सोडता येईल का?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : आधी भावाची बाजू, कारण तो सांगतो ते सुख खरं आहे. खालून ऊब आली की पाय गरम राहतात, डोकं गार राहतं, आणि शरीराला तेच मानवतं. आवाज नाही, धूळ उडत नाही, वाटेत अडखळायला हीटर नाही. आपल्या देशातही ही कल्पना जुनीच आहे. काश्मिरात मशिदींत आणि जुन्या घरांत हमाम असतो, तिथे दगडी लाद्यांखाली लाकडं जाळतात आणि माणसं वर बसतात. कोरियातला ओंडोल याच जातीचा.

पण थंडी तिथली वेगळी, आपली वेगळी. दापोली कोकणातली सगळ्यांत गार जागा म्हटली तरी डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि त्याच दिवशी दुपारी अंगणात ३० असतो. आईंना ऊब हवी ती पहाटे चार ते आठ. पाण्याच्या नळ्या दोन-अडीच इंच काँक्रीटच्या थरात गाडलेल्या असतात. तो थर तापायला काही तास घेतो आणि निवायलाही. म्हणजे मध्यरात्रीच पंप सुरू करायचा, आणि ऊन चढून पंखा लावला तरी फरशी ऊब सोडतच राहणार. जर्मनीत हिवाळाभर यंत्रणा चालूच असते, म्हणून तिथे हा संथपणा खपतो. नळ्यांना माझा स्पष्ट नकार.

सोलरचंही तसंच. नळ्यांत पाणी ३५ ते ४५ अंशांचं लागतं, टाकीतलं त्याहून बरंच कढत असतं. म्हणजे गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह आला, पंप आला. आणि घरगुती २०० लिटरच्या टाकीने रात्रभर एक खोली उबदार ठेवली तर सकाळी आंघोळीला कोमटच पाणी उरेल.

दुसरा प्रकार विजेचा. वायरची पातळ जाळी टाइलच्या अ‍ॅडेसिव्हमध्येच बसते, त्यामुळे फरशी लवकर तापते. चौरस मीटरला १०० ते १५० वॅट धरा. दहा बाय बाराच्या खोलीत कपाट-पलंगाची जागा सोडून जाळी घातली तरी हजार-बाराशे वॅट होतात. रोज चार तास लावली तर महिन्याला दीडशेच्या घरात युनिट जातील, आणि १०० युनिटांच्या पुढे दराचा टप्पा कसा चढतो ते तुम्ही बिलावर पाहतच असाल. तीच जाळी फक्त पलंगालगत दोन चौरस मीटर घातली तर दिवसाला एक-सव्वा युनिट.

आता मला खरी काळजी वाटते त्या गोष्टीकडे येते. जोत्यातल्या भरणीवर पीसीसी झाली असं लिहिलंत, पण तिच्याखाली प्लास्टिकचा कागद घातला की नाही ते लिहिलं नाहीत. आपल्याकडे फरशीचा मोठा वैरी थंडी नाही, ओल आहे. जांभा पाणी पितो, मुरूम पाणी वर चढवतो, आणि पावसाळ्यात जमिनीतलं पाणी जोत्याच्या पायाशी येऊन उभं राहतं. ती ओल टाइलच्या सांध्यांतून सुकत राहते आणि सुकताना फरशीची ऊब घेऊन जाते. सांध्यांवर पांढरा क्षार फुलतो तो तिचाच. अशा फरशीत वायर घातली तर तुम्ही विजेचे पैसे देऊन जोतं वाळवत बसाल.

म्हणून एक परीक्षा करा. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा पीसीसीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि एक दिवस-रात्र जाऊ द्या. उचलल्यावर खालच्या अंगाला थेंब असतील किंवा काँक्रीट काळपट दिसलं, तर ओल जमिनीतून येते आहे. थेंब वरच्या अंगाला असतील तर ते हवेतले. मार्चमध्ये कोरडं आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, जमलं तर ऑगस्टमध्ये पुन्हा पाहा.

ओल असो वा नसो, पीसीसीवर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरून कडा भिंतीवर चार बोटं चढवा. सांध्यांना कागद एकमेकांवर वीतभर यायला हवा. त्यावर इंचभर जाडीचा एक्सपीएस बोर्ड (कडक फोमचा, ऊब अडवणारा), मग स्क्रीड (सिमेंट-वाळूचा सपाट थर), मग टाइल. फरशीची ऊब जमिनीत उतरणं या बोर्डाने अडतं, आणि तो ना वीज मागतो ना दुरुस्ती. भावाचे पैसे मी आधी इथे घालेन, आणि फक्त आईंच्या खोलीत नाही, सगळ्या घरात. नाहीतर दारात पातळी बदलेल आणि त्या तिथेच ठेचकाळतील.

एवढं करूनही टाइल पायाची ऊब भराभर ओढणारच. तेव्हा आईंसाठी पलंगालगत आणि तिथून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर विजेची जाळी घाला असं मी सांगते. नंतर घालायची तर फरशी उखडावी लागेल, निर्णय आत्ताच हवा. लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच. थर्मोस्टॅटचा सेन्सर फरशीतल्या पाइपात बसवा, म्हणजे बिघडला तर ओढून बदलता येतो. फरशी २९ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, युरोपातल्या मानकात राहत्या जागेला हीच मर्यादा आहे. आईंना मधुमेह असेल आणि तळव्यांची जाणीव कमी झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, पाय भाजला तरी त्यांना कळणार नाही. जाळीच्या जागेवर गादी किंवा बिनपायांचं कपाट नको, खाली उष्णता कोंडते.

पावसाळ्यात फरशीला घाम येतो, तेव्हा दोन-तीन अंशांची ऊब तो थांबवते, हा फायदा भावालाही सांगा. फक्त मोठ्या पावसात आपल्याकडे लाइट जातात, त्यामुळे तेव्हा पलंगाशी पसरायला रबरी तळाची काथ्याची चटई असू द्या, जाळी चालू असताना मात्र ती उचलून ठेवा. सुटी सतरंजी नको, पाय घसरतो.

काम चालू असताना इलेक्ट्रिशियनला वायरचा रेझिस्टन्स तीनदा मोजायला लावा : जाळी अंथरण्याआधी, अंथरल्यावर, आणि टाइल बसल्यावर. आकडा जुळला नाही तर पुढचं काम थांबवा. जाळीचा फोटो शेजारी टेप ठेवून काढा आणि घराच्या नकाशाला जोडून ठेवा, पुढे कुणी तिथे ड्रिल मारायला आला तर त्याला दाखवता येईल.